मंजूची रानहळद

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून असेल.

इथं अमरावतीत कोणाच्या अंगणात ऊन पोचत नसलं की माणसं मला विचारतात. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. चिंचेखालच्या दाट सावलीत काय फुलेल, कोणतं झाड चिवट, कोणतं नखरेल — पान बघून सांगते. माझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. तिथंच घात झाला.

अकोल्याची माझी धाकटी जाऊ शोभा. तिची मंजू शिकायला तीन वर्षं माझ्याकडे होती. मला मूल नाही. तिला मी — जाऊ द्या. सेमाडोहच्या जंगलात सहलीला गेली तेव्हा एका बाईनं तिला परसातली, गुलाबी तुऱ्यांची रानहळद कुंडीत लावून दिली. येताना मंजू घरी आली, चहा प्यायली आणि कुंडी घेऊन आईकडे गेली. पोरीनं आईला फूल न्यावं, यात काय चुकलं? पण मला झोंबलं. फार झोंबलं.

त्याच पावसाळ्यात मंजू तापानं गेली.

हिवाळ्यात रानहळदीची पानं वाळतात, कंद मातीखाली जिवंत राहतो, पावसात पुन्हा फुटतो. शोभाला हे ठाऊक नव्हतं. ती रिकाम्या कुंडीला रोज पाणी घालायची. मी अकोल्याला गेले तेव्हा तिनं ती माझ्यापुढे ठेवली. मी माती उकरली. कंद टणक होते. आणि मी म्हणाले — मेलं गं हे, पाणी जास्त झालं. दे, टाकते मी.

टाकते कसली! बॅगेत घालून घरी आणली, चिंचेखाली लावली. जूनमध्ये कोंब आले. तेव्हा तरी फोन करायचा होता ना? केला नाही. आता पाऊस लागला की मला धडकी भरते. उपटून टाकावी म्हटलं तर हात धजत नाही — मंजूची आहे. काय करू मी?

गेल्या श्रावणात शोभा आली. गुलाबी तुरे बघून तिथंच खाली बसली. नर्सरीतून आणली, मी म्हणाले.

"मले एक कंद देता काय, ताई? मंजूचं झाड मीच मारलं हो."

मी काय बोलले असेन? म्हणाले, तुझ्या हातानं नाही जगायचं ते.

ती हळूच उठली. मग म्हणाली, "खरं हाय. माह्या हातानं काईच जगत नाई."

मी ऐकून घेतलं. संध्याकाळी तिला अकोल्याच्या गाडीत बसवून आले. रिकाम्या हातानं गेली ती.