झिलईमावशी

झिलईमावशीबरोबर एसटीनं जायचं म्हणजे मान दुखणार हे नक्की. अकोल्याहून मोर्शीला माहेरी निघाली की ती खिडकीशी बसायची आणि रस्त्याकडेचे विजेचे खांब दाखवत सुटायची. वर तपकिरी इन्सुलेटर दिसला की म्हणायची, "पाह्य, हा आपला." आपला कुठला आणि परक्या कारखान्याचा कुठला, हे खालून देवालाही कळलं नसतं. मी तसं म्हटलं की पुढचा थांबा येईपर्यंत अबोला.

आमच्या चिनीमातीच्या कारखान्यात विजेच्या तारा पेलणारे हे इन्सुलेटर व्हायचे. वाळलेला माल झिलईत, म्हणजे चमक आणणाऱ्या पातळ लेपात, बुडवायचं काम तिचं. भाजून आलेला माल गवतात बांधून पेट्या भरायचं माझं. तिचे हात कोपरापर्यंत तपकिरी. लग्नाच्या पंगतीत कुणी त्या हातांकडे टक लावून पाहिलं, तर ही बाई ते झाकायचं सोडून आणखी पुढे करायची.

टवका उडालेला माल ती घरी न्यायची. मोगऱ्याभोवती इन्सुलेटर, दाराला इन्सुलेटर, लोणच्यावर वजन म्हणून इन्सुलेटर. एकदा सून वैतागून म्हणाली, "आई, हे घर हाय का सबस्टेशन?" मावशीला ते इतकं आवडलं, की आठवडाभर खात्यात सगळ्यांना सांगत फिरली.

कच्चा माल मात्र तिला बघवत नसे. "भट्टीतून निघालं तवा ते कामाचं," म्हणायची. "तवर पाणी लागलं का गेलं." फळीवर माल वाळून तयार असला, की अंगात ताप घेऊनही कामावर यायची.

मग रबरी इन्सुलेटर आले, ऑर्डरी आटल्या आणि कारखाना बंद करायचं ठरलं. फळ्यांवर वाळलेला माल तसाच होता. मावशी तडक मॅनेजरांच्या खोलीत गेली, मागोमाग मी.

"साहेब, एक भट्टी लावू द्या. मंग खुशाल कुलूप लावा."

साहेब वाईट माणूस नव्हते. चष्मा पुसत म्हणाले, भट्टीला तेल नाही, मालाला गिऱ्हाईक नाही, शेड रिकामी करून द्यायची आहे. फळ्यांवरचा माल उकिरड्यावर जाणार होता.

तुटका कच्चा माल हौदात भिजवून त्याची पुन्हा माती करायची, ही आमची रीत. अखंड माल हौदात घातलेला कुणी पाहिला नव्हता. शेवटच्या दुपारी मावशीनं फळीवरून एक अखंड इन्सुलेटर उचलला, पदरानं धूळ पुसली आणि हळूच पाण्यात सोडला. बुडबुडे आले, कडा सुटल्या, बघता बघता तो तळाशी बसला. मग आम्ही बायका एकेक नग तिच्या हातात देऊ लागलो. मला रडू आवरेना.

"काहून रडून राह्यली वं?" ती म्हणाली. "उकिरड्यावर लोकायच्या पायाखाली गेलं असतं. त्यापक्षा आपल्या हातानं बरं."

फळ्या रिकाम्या झाल्या. बाकीच्या घरी गेल्या. मावशी हौदाच्या काठावर बसली आणि पाणी निवळलं की निघू म्हणाली. ते पाणी इतक्यात निवळत नाही, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मीही शेजारी बसले.