कुठे उतरायचं

म्हैसूरमधल्या कुवेंपुनगरच्या घरात कपाट आवरताना सर्फिंगच्या फळीला लावायच्या मेणाची वडी सापडली, आणि तिच्या नारळासारख्या वासाने मुल्कीच्या किनाऱ्यावरची एक सकाळ आठवली. तेव्हा नवऱ्याच्या हृदयाच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं. त्याची औषधं, पथ्य आणि माझं ऑफिस सांभाळून मी इतकी दमले होते, की म्हैसूरहून घाट उतरून समुद्र दिसला तरी मला फक्त झोप हवी होती. डॉक्टरांनी त्याला पाण्यात उतरायची परवानगी दिली होती. नदी समुद्राला मिळते तिथे लाटा उंच आणि ओढ जास्त. मासेमारीच्या होड्या लागतात तिकडे पाणी शांत, नवशिक्यांसाठी. दर वर्षी तो नदीकडेच जायचा, माझं कधी ऐकायचा नाही. त्या दिवशी मात्र ओल्या वाळूत फळी टेकवून तो बराच वेळ लाटा बघत राहिला. मग म्हणाला, "तू सांग, कुठे जाऊ?" मी होड्यांकडे बोट दाखवलं. "बरं," म्हणून तो निमूट चालू लागला. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, पण त्याची वाकलेली पाठ बघवेना. मी म्हटलं, "थांब, नदीकडेच जाऊ." तो वळलासुद्धा नाही. "नको गं," म्हणाला, "मलाच भीती वाटते." मग मीही चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात त्याची फळी धरून उभी राहिले. आता जातो तेव्हा जागा मीच ठरवते, आणि त्याने एकदा तरी वाद घालावा असं वाटत राहतं.