देवरामकाकांना ऐकू आलेलं वचन

शरणपूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारचा शास्त्रपाठ वाचावा तो देवरामकाकांनीच. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा खणखणीत आवाज. मंडळीत ते वडील होते, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक. कुणाच्या घरात भांडण झालं की लोक त्यांना बोलावत. ते खुर्चीत ताठ बसत, दोन्ही बाजूंचं अर्धंमुर्धं ऐकत आणि शास्त्रातलं एक वचन काढून देत. त्यावर कुणी बोलायचं नसे.

त्यांच्या पत्नी फुलाबाई घोटीकडच्या, अबोल. एकुलती एक मुलगी सुवर्णा. १९९४ साली तिचं लग्न मनमाडला रेल्वेत असलेल्या एका मुलाशी झालं. मुलगा ख्रिस्ती घरातला, उपासनेत तबला वाजवतो, एवढ्यावर काकांनी होकार दिला होता.

दोनेक वर्षांनी एका दुपारी सुवर्णा एकटीच माहेरी आली. कडेवर लहानगी निकिता. त्या दिवशी घरात काय झालं ते फुलाबाईंनी पुढे माझ्या आईला सांगितलं.

"बाबा, मला परत पाठवू नका," सुवर्णा म्हणाली.

"का? काय झालं?"

"ते मारतात. सासूबाई मला जेवायला..."

काकांनी हात वर केला. "संसारात थोडंफार होतंच. देवासमोर वचन दिलंस ना? त्यानं जोडलेलं आपण तोडायचं नसतं."

"बाबा, आधी ऐकून तरी घ्या."

"ऐकायचं ते देवाचं, पोरी. आपलंच गाऱ्हाणं गात बसायचं नसतं."

फुलाबाई मध्ये पडल्या. "अवो, पोर लय वाळलीय. ऱ्हाऊ द्या की थोडे दिवस."

"मी मंडळीचा वडील आहे. लोकांना एक सांगू आणि घरात दुसरं करू?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला मनमाडच्या गाडीत बसवायला गेले. निघण्याआधी त्यांनी घरात प्रार्थना केली, लांबलचक. तिच्या शेवटी सुवर्णा आमेन म्हणाली नाही.

पुढच्या थंडीत मनमाडहून निरोप आला. सुवर्णाच्या शेजारणीनं कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला होता. तुमच्या सुवर्णाचा ताप उतरत नाही, डॉक्टरकडे कुणी नेत नाही, तुम्ही या. त्याच आठवड्यात मंडळीत उपवास-प्रार्थनेच्या सभा होत्या आणि सगळी व्यवस्था काकांकडे होती. "शनिवारी सभा संपल्या की निघू," ते म्हणाले. फुलाबाईंनी पिशवी भरून दाराशी ठेवली. शनिवार उजाडायच्या आतच सुवर्णा गेली.

मनमाडला अंघोळ घालताना फुलाबाईंना लेकीची पाठ दिसली. त्यांनी हंबरडा फोडला नाही. बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "या. बघा." काका आत गेले, बघितलं, बाहेर आले. निकिताला सासरच्यांनी सोडलं नाही.

पुढच्याच रविवारी काका पुन्हा वाचायला उभे राहिले. आवाज तसाच. "काय विश्वास आहे माणसाचा!" लोक म्हणाले. घरात मात्र फुलाबाई त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या. ताट वाढायच्या आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायच्या.

उन्हाळ्यातला एक रविवार. मी तिसऱ्या बाकावर होतो. पाठ होता यहुद्यांच्या सभास्थानाच्या त्या अधिकाऱ्याचा, ज्याची लहान मुलगी मरायला टेकली होती. तो येशूच्या पायाशी पडला, माझ्या घरी चला म्हणून विनवू लागला, इथपर्यंत काका आले आणि थांबले. आम्हाला वाटलं, चष्म्याचं काहीतरी असेल. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली. मग पुस्तकावरून नजर न उचलता म्हणाले, "हासुद्धा अधिकारी होता. हा मुलीसाठी गेला."

त्यांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

"किती वर्षं वाचतोय मी हे. मला वाटायचं, ही चमत्काराची गोष्ट आहे. बाप निघाला, लोकांसमोर पायाशी पडला, हे मी कधी ऐकलंच नाही. माझी पोर सांगत होती. मी तिलाही ऐकलं नाही."

उपासना चालवणारे पाळकसाहेब उठून जवळ गेले. "काका, बसा. पुढचं मी वाचतो."

"तुम्हीच वाचा. मला नाही वाचता येणार. पुढे ती मेलेली मुलगी उठते."

ते खाली उतरले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बायकांच्या बाजूला फुलाबाई मान खाली घालून होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

त्यानंतर काकांनी मंडळीतलं पद सोडलं. मनमाडच्या पोलीस चौकीत जाऊन जबाब द्यायचा प्रयत्न केला. "तिनं मला सांगितलं होतं. मीच परत पाठवलं," हे त्यांनी साहेबासमोर उभं राहून सांगितलं. इतक्या उशिरा, पुराव्याशिवाय काही होणार नाही, असं उत्तर मिळालं. तरी ते नातीसाठी मनमाडला जात राहिले. कधी दार उघडायचं, कधी नाही. जावयानं दुसरं लग्न केलं तेव्हा, २००१ मध्ये, निकिता नाशिकला आली. पोर घुमी होती. काका तिच्याजवळ बसत. ती बोलली तर ऐकत, नाही बोलली तरी बसून राहत.

आणखी काही वर्षांनी एका संध्याकाळी त्यांनी फुलाबाईंपुढे हात जोडले. "मला माफ कर."

"देवानं केलं आसंल तुम्हाला माफ," फुलाबाई म्हणाल्या. "मला आजून जमत नाय. रोज मागते त्याच्याजवळ, जमू दे म्हणून."

या उत्तरावर काकांनी एकही वचन काढलं नाही. मग फुलाबाई आपणहून सुवर्णाबद्दल बोलायला लागल्या. माहेरी आली त्या दुपारी तिनं चुलीजवळ बसून आईला काय काय सांगितलं होतं, ते सगळं. ऐकवत नव्हतं तरी काका उठले नाहीत. "पुढं सांग," म्हणाले.