ग्रेच्का, कुट्टू आणि टाऊ

भिलाईच्या आमच्या पोलादाच्या प्लांटमध्ये नवीन मिल उभी राहत होती, त्या काळात परदेशी तज्ज्ञांची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यांच्या कामाची नव्हे, त्यांची. गाडी वेळेवर आली का, हेल्मेट डोक्यात बसतं का, फोनचं सिम चालू झालं का, पोट बिघडलं तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, हे सगळं मी बघायचो. मी मूळचा मेकॅनिकलचा माणूस. पण निवृत्ती जवळ आली होती आणि माझं इंग्रजी बरं आहे असा साहेबांचा समज होता.

जर्मन आले, इटालियन आले, आपापली मशीनं बसवून गेले. मग रशियातून एक बाई आल्या. भट्टीच्या आतलं विटांचं अस्तर बसवून घेणं हे त्यांचं काम. पन्नाशी उलटलेली, केस पोरांसारखे बारीक कापलेले, आवाज भारदस्त. भट्टीच्या तोंडातून हातात टॉर्च घेऊन स्वतः आत शिरायच्या आणि एखादी वीट मनासारखी बसली नसेल तर काढायला लावायच्या. आमची माणसं सुरुवातीला कुरकुरली, मग त्यांनाच विचारून विचारून विटा लावायला लागली. त्यांचंही इंग्रजी माझ्याइतकंच बरं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं.

एका गोष्टीपाशी मात्र गाडी अडली होती. बाई सकाळी नीट खात नव्हत्या.

गेस्ट हाऊसचा आचारी फार मनाला लावून घेणारा माणूस. त्याने पोहे करून पाहिले, उपमा, इडली, आलू पराठा. बाई प्रत्येकातलं थोडं थोडं खायच्या, धन्यवाद म्हणायच्या आणि चहा घेऊन निघायच्या. शेवटी परदेशी माणसाला काय लागणार म्हणून त्याने कॉर्नफ्लेक्स ठेवले आणि त्यावर वाफाळतं दूध ओतलं. बाईंनी मला विचारलं, की तुम्ही यात गरम दूध का घालता, हे तर कुरकुरीत खायचं असतं. जन्मभर आमच्या घरी ते गरम दुधातच खाल्लेले, त्यामुळे असा प्रश्न असू शकतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, सकाळी सकाळी थंड दूध दिलं आणि मॅडमना सर्दी झाली तर साहेब मलाच बोलतील. मी ते बाईंना सांगितलं. त्या हसल्या आणि तो लगदा मुकाट्याने संपवला.

खरी गोष्ट मला काही दिवसांनी कळली. येताना त्यांनी घरून एका धान्याची पाकिटं आणली होती आणि रोज खोलीतल्या किटलीच्या पाण्यात ते भिजवून त्या खात होत्या. पण काम लांबलं, मुक्काम वाढला आणि पाकिटं संपली. शेवटच्या पाकिटातले चार दाणे त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. तपकिरी रंगाचे, तीन कोपऱ्यांचे, कुठल्याशा लहानग्या मशीनचे सुटे भाग असावेत तसे. नाव म्हणाल्या ग्रेच्का. लहानपणापासून रोज सकाळी हेच. शाळेत हेच, कारखान्यात हेच, आजारी पडलं तरी हेच. हे कुठे मिळेल का?

मी त्यांना नव्या मॉलमधल्या मोठ्या दुकानात घेऊन गेलो. नाश्त्याच्या डब्यांची एक अख्खी भिंत होती तिथे. चॉकलेटचे गोळे, मधाच्या चकत्या, आंब्याच्या चवीचे फ्लेक्स. मसाला ओट्स पाहून बाई थांबल्याच. त्यावरचं भाजीचं चित्र त्यांनी मला दाखवलं आणि हे नक्की ओटच आहेत का, असं दोनदा विचारलं. एक डबा मात्र त्यांच्या ओळखीचा निघाला. कंपनी तीच, चित्र तेच. त्यांनी आनंदाने घेतला. दुसऱ्या दिवशी गाडीत बसता बसता म्हणाल्या की डबा आमचा आहे, पण आत दुसरंच कोणीतरी बसलंय. त्यांच्याकडे तो इतका गोड नसतो म्हणे.

पुढच्या वेळी मी दुकानातल्या त्या भिंतीपाशी काम करणाऱ्या मुलाला गाठलं आणि विचारलं, की एकच डबा दोन देशांत वेगळा कसा? तो हिंदीत म्हणाला की अंकल, डबा तिकडून येत नाही, इथल्याच कारखान्यात भरतात. इथल्या लेकरांना जे आवडतं ते घालतात, शिवाय प्रत्येक देशाचे काय घालावं आणि काय घालू नये याचे आपले कायदे. आणि जे खपत नाही ते आम्ही पुन्हा मागवत नाही. मध्यंतरी साखर नसलेले काही डबे आले होते, तारीख उलटेपर्यंत तिथेच बसून राहिले. ग्रेच्काचे दाणे दाखवले तर त्याने मान हलवली.

घरी आलो आणि बायकोला हे सगळं सांगितलं. आम्ही तेव्हा प्लांटचं क्वार्टर सोडून भिलाईतल्याच कोहका वस्तीत, स्वतःच्या घरात राहायला आलो होतो. ती भंडाऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरची. धान्य हातात घेतल्याशिवाय त्याच्यावर बोलायची नाही. तिने दाणा दाताखाली फोडला, आणि मी मोबाइलवर त्याचं हिंदी नाव शोधून सांगितलं तशी हसायला लागली.

"कुट्टू? हे तर बाजूवाली भाभी नवरात्रात खाते. तुमी मॉलमध्ये कावून फिरून राहिले?"

आमच्या घरी उपासाला साबुदाणा आणि भगर, म्हणून कुट्टूशी माझी ओळख नव्हती. आमच्या उत्तर प्रदेशाकडच्या शेजारीणबाई मात्र नवरात्रात त्याच्या पुऱ्या करत. त्यांनी उरलेलं पीठ दिलं. बाईंनी त्या पिठाची धिरडी केली, आचाऱ्याला खाऊ घातली, खूश झाल्या. पण पीठ म्हणजे दाणा नव्हे. मग मी कोहक्यातल्या किराणावाल्याकडे गेलो. तो म्हणाला की कुट्टू येतं ते पीठ होऊनच, आणि तेही नवरात्रापुरतं. नंतर कडू पडतं, कोण ठेवणार? अख्खं कोणी खातं का?

आता तिढा असा झाला. एका देशात जे रोज सकाळचं खाणं, ते आमच्याकडे वर्षातून दोनदा, देवाच्या नावाने, तेही दळलेलं. त्यामुळे ते होतं आणि नव्हतंही.

मी हे सगळं जेवणाच्या सुट्टीत सांगत होतो, तर इन्स्ट्रुमेंटेशनमधला एक सहकारी, आमच्याच राज्याच्या उत्तरेला असलेल्या सरगुजाकडचा, डबा बंद करता करता म्हणाला की सर, तुम्ही ज्याला कुट्टू म्हणता ते आमच्या मैनपाटला टाऊ म्हणून शेतात उभं असतं. डोंगरावर तिबेटी लोकांची वस्ती आहे, तेही लावतात आणि आजूबाजूचे शेतकरीही लावतात. मला आधी खरं वाटेना. इतकी वर्षं याच राज्यात राहतो आणि हे माहीत नव्हतं. बाईंना सांगितलं तर त्यांनी फक्त एकच विचारलं, की किती दूर.

जानेवारीतल्या लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये आम्ही तिघं गेलो, बाई, बायको आणि मी. दुर्गहून अंबिकापूरची गाडी, पुढे त्या सहकाऱ्याच्या भावाची जीप. बायकोने दशम्या, ठेचा आणि तीळगूळ बांधून घेतला होता. तिला रशियन येत नाही, इंग्रजीही जेमतेम, तरी ती बाईंशी सरळ मराठीत बोलायची. बाई रशियनमध्ये उत्तर द्यायच्या. मध्ये मी दुभाषा व्हायला गेलो की दोघी माझ्याकडे असं बघायच्या, जणू मी उगीच लुडबुड करतोय.

मैनपाटला कडाक्याची थंडी होती. बायको दोन शाली लपेटून कुडकुडत होती आणि बाईंनी कोटाची बटणंसुद्धा लावली नव्हती. पीक निघून गेलं होतं, शेतं मोकळी होती. जीपवाल्याने एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात नेलं. ओसरीवर पोती रचलेली. त्याने एकाचं तोंड सोडलं. बाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. काळपट, तीन कोपऱ्यांचे दाणे त्यांच्या बोटांमधून पुन्हा पुन्हा पोत्यात पडत राहिले. शेतकरी मला हळूच विचारत होता की मॅडम व्यापारी आहेत का. मी म्हटलं, नाही, त्या हे सकाळी खातात. अख्खंच? हो. भातासारखं? हो. त्याने आपल्या बायकोला हाक मारून घरातून बाहेर बोलावलं आणि बाई तिला दाखवल्या.

आम्ही एक लहान पोतं घेऊन परतलो. खरी कसोटी घरी सुरू झाली. दाण्यावर काळं, कडक टरफल होतं. त्यांच्या देशात ते काढायच्या मोठमोठ्या गिरण्या, आमच्याकडे दळायच्या. कोहक्याच्या गिरणीवाल्याने साफ सांगितलं की माझ्या चक्कीत टाकलं तर पीठच होईल.

तेव्हा बायकोने माळ्यावरून जातं काढलं. तिच्या आईचं जातं, आमच्या लग्नानंतर आलेलं आणि नंतर विसरलेलं. वरची तळी थोडी उचलून ठेवली तर डाळ जशी भरडता येते तसं हे टरफल निघेल, असं तिचं म्हणणं. किती उचलायची यावर दोघींचं जुंपलं. बाई म्हणत अजून वर, बायको म्हणे अजून खाली. बाईंनी खालच्या तळीच्या मधल्या खिळ्याभोवती पुठ्ठ्याची चकती घातली, ती चुरगळली. मग मी प्लांटमधून रबरी वॉशर आणले, जाड-बारीक सगळे. एक एक घालून बघत, मूठभर दाणे भरडत, चुकलेलं बाजूला सारत दोघी अंगणात बसल्या. सुरुवातीला सगळा चुराच. एका वॉशरवर मात्र टरफलं उडाली आणि दाणे बहुतेक साबूत आले. दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली.

पाखडायचं काम बायकोने शिकवलं. सूप कसं धरायचं, मनगट कसं उडवायचं. बाईंनी जोर लावला तो भट्टीतल्या विटा उचलायचा, आणि सगळा कोंडा त्यांच्याच डोक्यावर पडला. शेजारच्या भाभी गच्चीवरून बघत होत्या, त्याही खाली आल्या. तिघींनी मिळून एक वाटीभर धान्य काढलं.

बाईंनी ते कोरड्या कढईत तपकिरी होईपर्यंत भाजलं, पाण्यात शिजवलं, वर लोण्याचा गोळा टाकला. ताटलीवर ताटली झाकून ठेवलं आणि कोणालाही उघडू दिलं नाही. मग आम्हाला वाढलं आणि आम्ही खाताना बघत राहिल्या. मला ते भाजलेल्या मातीसारखं लागलं, खरं सांगायचं तर. मी चांगलं आहे म्हटलं. बायकोने दुसरा घास घेतला, विचार केला आणि म्हणाली, "ताई, चांगलं आहे. पण याले फोडणी पाहिजे."

मी भाषांतर करणार नव्हतो, पण बाईंनी हट्ट धरला. पुढच्या रविवारी बायकोने त्याच दाण्यांचा सांजा केला. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, वर लिंबू. बाईंनी चमचा तोंडात घातला. चावत राहिल्या. मला वाटलं, आता काही बिघडलं.

"हे ग्रेच्का नाही," त्या म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी ताटली पुढे केली. "अजून वाढा."

मॉलमधल्या त्या मुलाचं म्हणणं मला त्या दिवशी पटलं. माझ्या बायकोने स्वयंपाकघरात जे केलं तेच त्या कंपन्या करतात, फक्त तिने समोरच्या माणसाला विचारून केलं.

त्यानंतर बाईंची सकाळ सुधारली. आचारी आमच्या घरी येऊन कृती शिकून गेला आणि भाजलेले दाणे गेस्ट हाऊसच्या बरणीत राहू लागले. आठवड्याच्या आठवड्याला जातं बाहेर निघायचं. भट्टी पेटवायचा दिवस आला तेव्हा बाई शिजवलेल्या दाण्यांचा मोठा डबा भरून घेऊन कंट्रोल रूममध्ये आल्या आणि सगळ्यांना वाढलं, साहेबांनाही. तापमान हळूहळू चढत होतं, सगळ्यांचे डोळे पडद्यावर, आणि प्रत्येकाच्या हातात कागदी द्रोण. साहेबांनी चेहऱ्यावर काही न दाखवता संपवलं. एका पोराने मात्र मनापासून दुसऱ्यांदा मागितलं. तो अजूनही त्याबद्दल चेष्टा सहन करतो.

काम संपलं, बाई गेल्या. जाताना बायकोला गळ्यातला लोकरी रुमाल देऊन गेल्या. आमच्या भिलाईत तो फारसा वापरता येत नाही, तरी डिसेंबरात दोन-तीन सकाळी ती तो घालून भाजीला जाते.

पोत्याच्या तळाशी थोडे दाणे उरले होते. पुढच्या हिवाळ्यात बायकोने ते मागच्या अंगणातल्या कुंड्यांत आणि तुळशीच्या बाजूच्या वाफ्यात टाकले. मी म्हटलं, इथल्या हवेत येणार नाही. आलं. गुडघ्याएवढं झालं आणि पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलं, मधमाश्या घोंगावायला लागल्या. तिने फोटो काढून रशियाला पाठवला. थोड्या वेळाने बाईंचा आवाजी निरोप आला, बराच लांब, सगळा रशियनमध्ये. मध्येच कुट्टू एवढा एक शब्द ओळखू आला, आणि शेवटी मोठं हसणं.

बायकोने तो दोनदा ऐकला. मग फोन तोंडाजवळ धरला आणि कोणती कुंडी उन्हात ठेवली, कोणती सावलीत, पाणी कधी देते, हे सगळं बाईंना मराठीत सांगायला लागली.