रद्दमधली मोठी बहीण

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि चाळणीताईचं बोट रद्दच्या बटणावर होतं. पडद्यावर कुणाच्या तरी निवृत्तीचा समारंभ. मिटलेले डोळे, रद्द. हललेला हात, रद्द. एकाच माणसाचे पाच फोटो असले तर त्यातला बरा एक ठेवायचा, बाकीचे रद्द. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत ती अकरा वर्षं हेच करत आली होती. चाळणी हे नाव मालकांनी ठेवलेलं.

तेवढ्यात एक बाई आत आल्या. सोबत गणवेशातली मुलगी. शाळेच्या क्रीडादिनाच्या पुस्तकाचा नमुना शाळेने घरी पाठवला होता. प्रत्येक मुलाचा एक फोटो हवा, आणि यांच्या जुळ्या मुलींपैकी मोठीचाच तेवढा होता. धाकटीचा पत्ता नाही. पुस्तक उद्या छपाईला जाणार. धाकटी शाळेत तोंड कसं दाखवणार, असं आईचं म्हणणं.

चाळणीताईने मोठीच्या नावाचा फोटो पडद्यावर उघडला. दोघींना तिने एकच मुलगी समजून चाळलं होतं. आजवर तिच्या हातून मूल कधी गळलं नव्हतं.

मालक दारातूनच म्हणाले, "चेहरा तोच, गणवेश तोच. एकच फोटो दोन्ही नावांखाली लावून टाक. कुणाच्या बापाला कळतंय?" मग कपाटाआड बसलेल्या आई त्यांना दिसल्या आणि ते आल्या पावली परत फिरले.

धाकटी मघापासून पडदा निरखत होती. "आई, ही मीच आहे."

आईने चष्मा लावला. "नाही गं, ही मोठी."

"मला माहीत नसणार का?"

म्हणजे आई भलत्याच मुलीसाठी भांडायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला. चाळणीताईने नजर पडद्यावरून हलवली नाही. जन्मदात्रीची ही गत, तर आपण कोण, असं मनात आलं. 

छपाई होईपर्यंत रद्दचे फोटो पुसायचे नाहीत, असा स्टुडिओचा रिवाज होता, म्हणून ते शाबूत होते. तिने ते उघडले. धाकटी एकेकावर बोट ठेवत गेली. मी. ताई. मी. ताई, ताई. मोठीचे सहा निघाले आणि सहाही फोटोंत तिची जीभ बाहेर. वेडंवाकडं तोंड दिसलं की चाळणीताईचं बोट आपोआप चालायचं. मोठी तिथेच गळली होती.

आईला ते पसंत पडेना. पुस्तकात असलं ध्यान नको, शिवाय आजी-आजोबा बघतील. चाळणीताईने सहा फोटो पुन्हा चाळले. एकात जीभ ओठांपर्यंतच आली होती आणि डोळे हसत होते. तिने तो मोठा केला.

"तिला विचारलंत तर ती पूर्ण जिभेचाच मागेल," धाकटी म्हणाली.

आईने पडद्याकडे बोट केलं. "हाच घाला. घरी तरी दुसरं काय करते?"

चाळणीताईने मोठीला तिच्या नावावर बसवलं, धाकटीच्या फोटोखालचं नाव दुरुस्त केलं आणि पुन्हा समारंभाकडे वळली.

उद्या आणखी एका शाळेचे फोटो येणार आहेत. त्या शाळेचं ऑफिस साडेनऊला उघडतं. पहिला फोन चाळणीताईचा असेल, जुळी मुलं किती आहेत ते विचारायला.