पाळणाघरातले पाहुणे

शेजारच्या पाळणाघरवाल्या मावशींइतकं अदबशीर माणूस अख्ख्या बोईसरात सापडणार नाही, आणि ही सगळी अदब त्या जेमतेम चालायला लागलेल्या मंडळींसाठी राखून ठेवतात. कारखान्यातल्या साहेबालाही त्या अरे-तुरे करतील, पण माझ्या लेकीला मात्र, "अहो, भात घ्या थोडा." नखं कापताना प्रत्येक बोटाची परवानगी घेतील. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सांजला घरी जातात ना? मंग पावणेच की ते." नवरा गेलेला, मुलगा आखातात, उमरोळीचं माहेर नावापुरतं.

एवढी नखं कापूनही मागच्या वर्षी लेक झोपेना, सारखी खाजवू लागली. डॉक्टर म्हणाले, जंत आहेत, दोऱ्यासारखे बारीक. एकत्र खेळणाऱ्या मुलांत सहज पसरतात, दोष कुणाचाच नाही. सगळ्या मुलांनी आणि घरच्यांनी एकदमच औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा.

मी हे मावशींना दबक्या आवाजात सांगितलं. त्यांना दबका आवाज नाहीच. संध्याकाळी दारात उभ्या राहून एकेका आईबापाला त्या सांगत सुटल्या, "पोरांना जंत झालेत. तुमी समदी पन दवा घ्या." एक बाप लाजेनं लाल झाला. "हमारे घर में ऐसा नहीं होता," म्हणत मुलाला उचलून गेला. दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. मीही लेकीला घरीच ठेवलं.

मावशींनी चादरी, दुपटी, कापडी हत्तीसुद्धा उकळत्या पाण्यात घातला. हत्तीचा रंग गेला. मग माझ्यासोबत औषधाच्या दुकानात आल्या. दुकानदारानं विचारलं, "घरात माणसं किती?"

"दिवसाची सांगू का रातची?"

तो गोंधळला. मावशींनी पदराची गाठ सोडून नोटा काढल्या. मग हळूच म्हणाल्या, "यकाचीच दे."

हळूहळू मुलं परतली. घरी खाज थांबेना तेव्हा तो बापही डॉक्टरांकडे जाऊन आला आणि खाली मान घालून दारात उभा राहिला. मावशींनी त्याच्याकडून मुलाला घेतलं. त्या मुलालाच म्हणाल्या, "या. बरं वाटतं ना तुमाला?"

त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. पाळणाघराला सुट्टी होती. "झोप लागते का यांना, बघायला आले," म्हणाल्या. लेक गाढ झोपली होती. मी तिला उठवू लागले तर हातानंच थांबवलं आणि तिच्या उशाशी बसल्या. चहा निवून गेला.

"दुसरा करते," मी म्हटलं.

"कर सावकाश," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायाचं हाय."