मिनलचं आरमार आणि नियमांचा घोळ

रहाटणीची मिनल ओव्हाळ चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला आहे. खोकी भरायला नव्हे. गाडीचा नाजूक पार्ट ट्रकमध्ये हिंदकळू नये म्हणून खोक्यात फोम बसवतात ना, त्या फोमला कुठे आणि केवढा खड्डा पाडायचा, हे ती ठरवते. एवढं सोडलं तर तिने आयुष्यात फारसं काही ठरवलेलं सापडणार नाही. दहावीनंतर सायन्स घ्यावं की कॉमर्स, यावर ती इतका विचार करत बसली की शेवटी मैत्रिणीच्या मागोमाग डिप्लोम्याला जाऊन मोकळी झाली. पुढे लग्नाची दोन स्थळं एकाच वेळी आली, दोन्ही चांगली. कोणाला हो म्हणावं ते तिला कळेना, आणि कळेपर्यंत दोघांचीही लग्नं लागून गेली. त्याचं वाईट वाटून घ्यावं का, यावरही तिचं स्वतःशी एकमत झालं नाही.

फोमचे उरलेले तुकडे कंपनी फेकून देते. मिनल ते पिशवीत भरून घरी आणायची आणि त्यातून अंतराळयानं कापायची. बोटभर लांबीची चपळ यानं, वीतभर लांबीची जाडजूड जहाजं, मागे पेनांच्या टोपणांची इंजिनं, पोटाला टाचण्यांच्या तोफा. राखाडी रंगाचा हात देऊन ती कपाटावर मांडून ठेवायची. तिचे वडील कोंडीराम खांद्यावर टॉवेल टाकून समोर उभे राहत आणि विचारत, "आता ह्यांचं पुढं काय?"

तेही मिनलला माहीत नव्हतं. ते सांगितलं निरंजनने. हा लातूरकडचा, तिच्याच कंपनीत डिझाइनला. टेबलावर काळं कापड अंथरायचं, दोन्ही बाजूंना आपापलं आरमार मांडायचं, पट्टीने मोजून यानं पुढे सरकवायची आणि फासे टाकून तोफा डागायच्या. असे खेळ जगभर लोक खेळतात, हे त्याने इंटरनेटवर पाहिलं होतं. मग मिनलची शाळेपासूनची मैत्रीण करिष्मा आली. ती बालवाडीत शिकवते आणि सिनेमे पाहते. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर हिंदुराव खेडकडचा. तो एकदा यानांची पेटी उचलून द्यायला आला आणि बसला तो बसलाच. कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, बालवाडी दुपारी सुटते. त्यामुळे गुरुवारी दुपारी बुद्धविहारामागच्या छोट्या हॉलमध्ये डाव मांडायचा, असं सुरू झालं. मिनल यानं मांडून द्यायची आणि नियम वाचून दाखवायची, स्वतः मात्र खेळायची नाही. हॉलची किल्ली विहाराची देखभाल करणाऱ्या गिरजाबाईंकडे असे. "पोरं नुसती बसून तर खेळतात," असं म्हणून त्या ती देत.

काही महिने बरे गेले. मग भांडण झालं.

नियम निरंजनने आणले होते आणि त्यात जडत्व होतं. अंतराळात ब्रेक नसतो, एकदा वेग घेतला की यान तसंच पुढे जातं. करिष्माचं मोठं जहाज वेढ्यात सापडलेल्या एका छोट्या यानाला सोडवायला जोरात निघालं. डावातला सगळ्यात सुंदर क्षण होता तो. जहाज आलं, यानाच्या शेजारून गेलं आणि कापडाच्या कडेबाहेर पोहोचलं.

"म्हणजे वाचवलं नाही आणि टेबलावरून पडलं?" करिष्माने विचारलं.

"पडलं नाही. निघून गेलं."

"कुठे?"

"सरळ," निरंजन म्हणाला.

करिष्माने आपली यानं एकेक करून डब्यात भरली. "तुम्ही बसा गणितं करत," ती म्हणाली. निरंजनला ती एरवी अरेतुरे करायची. तिने 'तुम्ही' काढलं की पुढे बोलण्यात अर्थ नसे.

तेव्हा हिंदुराव म्हणाला, "ह्ये बघा, जहाजं ताईंची हायेत. मग नियमबी ताईच ठरवतील."

दोघांनाही ते पटलं. मिनलला कोणी विचारलंच नाही.

तिने शोधायला सुरुवात केली आणि नियमांचा नुसता पूर आला. जो तो म्हणे, आमची लढाई सिनेमासारखी होते. एकात प्रत्येक फेरीआधी आपला बेत चिठ्ठीवर लिहून उपडा ठेवायचा होता. एकात प्रत्येक कॅप्टनची एक पत्ती होती, ती योग्य वेळी टाकली की चमत्कार घडे. एकात वळणंच इतकी बारकाईने मोजायची होती की लढायला वेळ उरू नये. खाली लोकांनी मतं लिहिलेली असत. एक म्हणे याहून उत्तम काही नाही, त्याच्याच खाली दुसरा म्हणे मी तर विकून टाकले. सकाळच्या बसमध्ये मोबाइलवर वाचताना भोसरी येईपर्यंत तिला एखादे नियम पूर्ण पटलेले असत, आणि मोशी मागे पडली की पटेनासे होत.

तिने तिघांनाही विचारून पाहिलं.

"खरं वाटलं पाहिजे," निरंजन म्हणाला.

"बघताना श्वास अडकला पाहिजे," करिष्मा म्हणाली.

"धडक देता आली पायजे," हिंदुराव म्हणाला. "बाकी आमाला काय बी चालतंय."

तिघांचंही तिला बरोबर वाटलं. तीच तर अडचण होती.

शेवटी दोन नियमावल्या तिने छापून घेतल्या. एक निरंजनला आवडेल अशी, जडत्वाची. तिला ती जाडी म्हणे. दुसरी कॅप्टनच्या पत्त्यांची, ती बारकी; तिच्यातल्या पत्त्याही तिने कापून ठेवल्या. छापून आणल्यावर कळलं की तिसरीच एक चुकून छापली गेली आहे, समुद्रातल्या युद्धनौकांची. नावात 'आरमार' पाहून तिने ती उतरवून घेतली असावी. ती तशीच पिशवीत राहिली. कशालाच पिन नव्हती आणि पानांवर आकडेही नव्हते.

ठरलं असं की आधी जाडीने खेळायचं, मग बारकीने, आणि मग मिनलने निकाल द्यायचा. नियम आधी कोणी वाचायचे नाहीत, ही करिष्माची अट. मिनल पंच, ती वाचून दाखवेल.

त्या गुरुवारी नेहमीसारखी दुरुस्तीसाठी वीज गेलेली होती. खिडक्या उघडून डाव सुरू झाला. जाडीच्या पहिल्या फेऱ्या जेमतेम झाल्या आणि वीज आली. डोक्यावरचा पंखा एकदम पूर्ण वेगाने सुटला आणि टेबलाच्या टोकाला ठेवलेले सगळे कागद, पिशवीतून डोकावणारेसुद्धा, हॉलभर उडाले. यानं आपल्या जागी राहिली, कारण हिंदुराव दोन्ही हात पसरून त्यांच्यावर वाकला होता. सगळ्यांनी मिळून कागद गोळा केले. मिनलने गठ्ठा सारखा केला आणि डाव जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला.

थोड्या वेळाने करिष्माच्या तोफेचा गोळा निरंजनच्या मोठ्या जहाजाला बसला. मिनलने पान काढून वाचलं, "पोटाला मार बसला तर पाणी आत शिरतं. दर फेरीला वेग कमी होतो आणि जहाज कलतं."

"ताई, वर पाणी कुठलं?" हिंदुरावने विचारलं.

मिनलने पुन्हा पाहिलं. तसंच छापलेलं होतं. "हवा म्हणूया," ती म्हणाली. "आतली बाहेर जाते."

"मंग बराबर हाय."

आणि मग तो डाव असा रंगला की कोणाला चहाची आठवण राहिली नाही. निरंजनचं जहाज कलत चाललं, पण जडत्वामुळे थांबेना. इंजिनं बंद पडली तरी ते तोफा डागत तसंच पुढे येत राहिलं. पुढच्या पानात कॅप्टनच्या पत्त्या निघाल्या, तशी करिष्माने एक टाकून आपलं जहाज त्याला समांतर नेलं. हिंदुरावने मधे घुसून एक यान आडवं पाडलं आणि त्यात स्वतःचंही घालवलं. शेवटी निरंजनचं जहाज अगदी अंधारं, करिष्माच्या तोफांसमोर पडलेलं होतं. एक फासा टाकला की संपलं असतं.

करिष्मा फासा हातात धरून थांबली. "आतली माणसं उतरवून घेता येतात का? आहे का तसं काही?"

मिनलने पानं उलटली. तिच्या आश्चर्याला पार राहिला नाही, कारण तसं होतं. "बुडणाऱ्या जहाजावरच्या लोकांना वाचवणं," ती वाचू लागली.

वाचवण्यात करिष्माच्या दोन फेऱ्या गेल्या, तेवढ्यात निरंजनच्या छोट्या यानांनी तिला घेरलं आणि ती डाव हरली. निरंजनने आपलं अंधारं जहाज उचलून हातात धरलं. मग तो म्हणाला, "हेच नियम. दुसरे नकोत."

"मी तर आधीपासून सांगत होते," करिष्मा म्हणाली. "कागद उडाल्यावर लागली ती बारकीच ना?"

"छे! जाडी! जडत्व पाहिलं नाहीस का?"

दोघांनी मिनलकडे पाहिलं. "घरी जाऊन सांगते," ती म्हणाली.

घरी तिने पलंगावर पानं पसरली आणि तिच्या लक्षात आलं. वेग जाडीतला, कॅप्टन बारकीतला, बुडणं आणि वाचवणं बोटींचं. त्यातलीही काही पानं अर्धवट वाचलेली, आणि एक नियम तर तिने कुठून वाचला ते सापडेचना. आपण नक्की काय खेळलो, याचा तिला पत्ता लागेना. सांगावं की नाही, हेही कळेना. पुढच्या गुरुवारी तिने सांगून टाकलं.

करिष्मा हसत सुटली. निरंजनला हसू आलं नाही. त्याने गठ्ठा हातात घेतला. "ठीक आहे. तीच पानं, त्याच क्रमाने."

पण क्रम कोणाला आठवत होता? आठवेल तसं लावून खेळून पाहिलं. कोणाच्या पोटाला मार बसला नाही, हवी ती पत्ती आली नाही, दोन आरमारं एकमेकांभोवती फिरत राहिली. हिंदुरावने दोनदा जांभई दिली.

"तेव्हा आधी हवा गेली, मग तू पत्ती टाकलीस," निरंजन सांगत होता.

"नाही रे, पत्ती आधी! तू बघत नव्हतास, तू तुझी पट्टी शोधत होतास."

दोघं टेबलाच्या एकाच बाजूला, डोक्याला डोकं लावून पानांवर भांडत होते. 'तुम्ही' कुठेच नव्हतं. मिनल त्यांच्याकडे बघत राहिली. यांचं मिटलंय की वाढलंय, हेच तिला कळेना.

"ताई, तुमीच ठरवा आता," हिंदुराव म्हणाला.

"बोटींचे," मिनल म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तीही दचकली होती.

"नुसते बोटींचे?" निरंजनने विचारलं. "का?"

"माहीत नाही."

"काहीतरी कारण असेल ना."

मिनलने कारण शोधून पाहिलं. जाडीची कारणं तिच्याकडे भरपूर होती, बारकीचीही होती. बोटींचं एकही नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "पण तेच घेऊ."

निरंजन डोकं खाजवत राहिला. करिष्माने गठ्ठ्यातून बोटींची पानं वेगळी करून हातात घेतली. "मग पंच मी. तू खेळ. जहाजं तुझी आणि इतके दिवस तू नुसती वाचतेस."

मिनल पहिल्यांदाच खेळायला टेबलाच्या कडेला उभी राहिली. समोरून हिंदुरावचं यान सरळ तिच्या मोठ्या जहाजावर येत होतं. "वळवा, ताई, न्हाईतर धडकतोय बघा!" तो ओरडला. डावीकडे वळावं की उजवीकडे, दोन्हीकडे जागा होती, दोन्हीकडे धोका होता. तिने पट्टी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग जहाज उजवीकडे वळवलं आणि थेट निरंजनच्या तोफांसमोर नेऊन उभं केलं.

"पोटाला मार," करिष्माने वाचलं.

मिनलचं जहाज कलायला लागलं. ते बुडेपर्यंत ती त्याच्याकडे वाकून बघत होती आणि विचारत होती, "आता मी काय करायचं असतं?" तिघं एकदमच तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते.